ज्याचा ताबा, त्याची जबाबदारी

मराठीत 'ताबा' हा एकच शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. पोलीस माणसाला ताब्यात घेतात आणि सैन्य परक्या देशाचा मुलूख ताब्यात घेतं. पहिल्या ताब्याबद्दल स्त्री चळवळीने पुष्कळ लिहिलं, पुष्कळ भांडण केलं. दुसऱ्याबद्दल मात्र 'तो परराष्ट्र धोरणाचा विषय आहे' असं म्हणून आपण बहुतेक वेळा गप्प राहतो. मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. बाई ज्याच्या ताब्यात आहे, त्यानेच तिच्यावर झालेल्या अत्याचाराचा जाब दिला पाहिजे, ही मागणी आपण देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातल्या प्रकारानंतर केली. तीच मागणी कोरिया, फिलिपिन्स, चीन, इंडोनेशिया इथल्या बायका १९९० पासून जपानकडे करत आल्या आहेत.

नव्या मैत्रिणींसाठी मथुरा प्रकरण थोडक्यात सांगते. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत. म्हणजे संमती असणार! १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० साली ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ साली कायदा बदलला. पोलीस, तुरुंग, सरकारी संस्था यांच्या ताब्यातल्या बाईवर झालेला बलात्कार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. शरीरसंबंध झाला हे सिद्ध झालं आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचं, असं ठरलं. ताब्यात असलेल्या बाईच्या संमतीला अर्थच नसतो, एवढी साधी गोष्ट कायद्याच्या गळी उतरवायला अकरा वर्षं लागली.

आता दुसऱ्या ताब्याकडे येऊ. युद्धात सैन्याने परक्या प्रदेशावर अंमल बसवला की त्याला कायद्यात 'व्याप्त प्रदेश' म्हणतात. तिथल्या सामान्य माणसांशी सैन्याने कसं वागावं याचे नियम १९०७ च्या हेग करारात लिहिले गेले. जपाननेही तो करार मान्य केला होता. तिथल्या लोकांचा जीव, त्यांची मालमत्ता, त्यांचा धर्म यांचा मान राखायचा. नियम मोडले तर त्या राष्ट्राने नुकसानभरपाई द्यायची, आपल्या सैन्यातल्या माणसांच्या कृत्यांची जबाबदारी त्या राष्ट्राचीच, असंही त्या करारात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली चौथा जीनिव्हा करार झाला. गंभीर गुन्हे करणाऱ्यांना प्रत्येक सदस्य देशाने शोधून काढावं, आपल्याकडे खटला चालवावा किंवा खटला चालवणाऱ्या देशाच्या स्वाधीन करावं, असं त्यात आहे. म्हणजे कागद नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. कागद होता, तरी जाब कुणी का दिला नाही, हा खरा प्रश्न आहे.

१९३० च्या दशकापासून १९४५ पर्यंत जपानी सैन्य जिथे जिथे गेलं, तिथे तिथे त्याने सैनिकांसाठी 'विश्रांतीगृहं' चालवली. नाव विश्रांतीगृह, प्रत्यक्षात तिथे मुलींना कोंडून ठेवून दिवसामागून दिवस त्यांच्यावर बलात्कार होत. नोकरीचं आमिष दाखवून, दलालांकरवी विकत घेऊन किंवा सरळ घरातून उचलून मुली आणल्या जात. किती जणी होत्या याचे इतिहासकारांचे अंदाज पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत जातात. अंदमान म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आठवतं. पण १९४२ ते १९४५ या काळात अंदमानही जपानच्या ताब्यात होतं आणि तिथेही असं विश्रांतीगृह होतं, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी आलं नाही.

युद्ध संपलं. १९४६ ते १९४८ या काळात टोकियोत जपानच्या पुढाऱ्यांवर आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायालयात खटला चालला. नानकिंगमधल्या बलात्कारांचे पुरावे तिथे आले. पण विश्रांतीगृहांच्या या सगळ्या व्यवस्थेबद्दल एकाही पुढाऱ्यावर आरोप ठेवला गेला नाही. १९४८ साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, डच लष्करी न्यायालयाने मात्र काही जपानी अधिकाऱ्यांना शिक्षा दिली, एकाला मृत्युदंडही झाला. तो खटला डच स्त्रियांवरच्या अत्याचाराचा होता. त्याच बेटांवरच्या इंडोनेशियन मुलींसाठी तसा खटला उभा राहिला नाही. जाब विचारला गेला तोही कातडीचा रंग बघून.

कोरियन मुलींची तर आणखीच अडचण. जपानने कोरिया १९१० सालीच आपल्या राज्याला जोडून घेतला होता. त्यामुळे कायद्याच्या भाषेत तो 'व्याप्त प्रदेश' नव्हता, वसाहत होती. बायकांच्या व्यापाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही करतानाही जपानने आपल्या वसाहती त्यातून वगळल्या होत्या. सगळ्यात जास्त मुली जिथून नेल्या गेल्या त्या देशांपैकी कोरिया एक, आणि तिथल्याच मुली कायद्याच्या छत्रीबाहेर ठेवलेल्या.

चाळीस वर्षांहून अधिक काळ कुणी बोललं नाही. जून १९९० मध्ये जपान सरकारने आपल्या संसदेत सांगितलं की हे सगळं खासगी ठेकेदारांचं काम होतं, सरकारचा संबंध नाही. ते ऐकून संतापलेल्या किम हाक-सून या साठी उलटलेल्या कोरियन बाईंनी १४ ऑगस्ट १९९१ रोजी सेऊलमध्ये स्वतःचं नाव सांगून, चेहरा दाखवून साक्ष दिली. वर्ष संपायच्या आत त्यांनी टोकियोच्या न्यायालयात दावाही लावला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९९२ मध्ये, योशिमी योशिआकी या जपानी इतिहासकाराने जपानच्याच संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात सापडलेली लष्करी कागदपत्रं वर्तमानपत्रातून जाहीर केली. ही ठिकाणं उभारण्यात आणि मुली गोळा करण्यात सैन्याचा हात होता, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यानंतर फिलिपिन्समधून मारिया रोसा हेन्सन पुढे आल्या, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या डच बाई यान रफ-ओहर्न पुढे आल्या. सेऊलमधल्या जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शनं सुरू झाली.

मला इथे तीन गोष्टी दाखवायच्या आहेत. जाब टाळण्याच्या या तीन वाटा आहेत आणि आपल्याकडे केसवर्क करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला त्या तिन्ही ओळखीच्या वाटतील.

पहिली वाट पुराव्याची. १९९३ साली जपानचे मुख्य कॅबिनेट सचिव कोनो यांनी सैन्याचा सहभाग मान्य केला, दिलगिरी व्यक्त केली. पण २००७ साली आबे सरकारने सांगितलं की मुलींना सैन्याने बळजबरीने नेल्याचा थेट उल्लेख कागदपत्रांत सापडला नाही. मथुरेच्या अंगावर जखमा शोधण्यासारखाच हा प्रकार! मुलगी तिथवर कशी आली, दलालाबरोबर आली की शिपायाबरोबर, हा प्रश्न मोठा करायचा, म्हणजे ती तिथून बाहेर पडू शकत होती का, हा प्रश्न आपोआप मागे पडतो. दारावर पहारा कुणाचा होता? वेळापत्रक कुणी लावलं होतं? आजारपणाची तपासणी कुणाचे डॉक्टर करत होते? ताबा कुणाचा, हे एवढ्यावरून कळतं आणि जबाबदारीही तिथेच ठरते.

दुसरी वाट अब्रूची. हेगच्या नियमांत बायकांचं नाव येतच नाही, येतो तो 'कुटुंबाचा सन्मान'. १९४९ चा जीनिव्हा करार बलात्काराला स्पष्ट मनाई करतो हे खरं, पण तीही 'स्त्रियांच्या सन्मानावरचा हल्ला' या सदराखाली. ज्या गुन्ह्यांना तो 'गंभीर' म्हणतो त्या यादीत बलात्काराचा नावाने उल्लेख नाही. म्हणजे जखम बाईच्या शरीराला झाली आणि कायद्याने नोंद केली घराण्याच्या अब्रूची. अब्रू एकदा मोजमाप झाली की पुढचं आपल्याला ठाऊकच आहे. ज्याने गुन्हा केला तो मोकळा राहतो आणि लाज बाईच्या घरात मुक्कामाला येते. या बायकांना चाळीस वर्षं तोंड दाबून जगावं लागलं ते काही फक्त जपानच्या भीतीने नाही. भाऊ काय म्हणेल, नवरा टाकेल, मुलांची लग्नं व्हायची नाहीत, हेही त्यात होतं. आपणही आपल्याकडे डोकावून बघावं. 'विनयभंग' हा शब्द आपल्या कायद्यात इंग्रजांच्या काळापासून आहे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमांचे आकडे बदलले, पण बाईचा 'विनय' तिथेच राहिला.

हा विचार मोडायला बायकांनाच झगडावं लागलं. १९९८ साली रुआंडाविषयीच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराचं एक साधन म्हणून बलात्काराकडे पाहिलं. त्याच वर्षीच्या रोम करारात बलात्कार आणि लैंगिक गुलामी हे स्वतंत्र गुन्हे म्हणून आले. २००१ साली बोस्नियातल्या फोचा शहराच्या खटल्यात बायकांना घरात कोंडून ठेवणाऱ्यांना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याखाली शिक्षा झाली. यातला प्रत्येक निकाल साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या बायकांमुळे लागला आहे.

तिसरी वाट समझोत्याची, आणि मला तिची सगळ्यात जास्त चीड आहे. मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसमध्ये काम करते. मार खाल्लेली बाई एका कोपऱ्यात बसलेली असते आणि दोन्हीकडचे कारभारी स्टँपपेपरवर लिहून मोकळे होतात, की यापुढे कसलीही तक्रार राहिलेली नाही. रक्कम ठरते, ती बापाच्या हातात जाते. तिला कुणी विचारत नाही. राष्ट्रंही असंच वागतात. १९६५ साली जपान आणि दक्षिण कोरिया यांनी करार केला आणि 'सगळे दावे मिटले' असं लिहिलं. त्या वेळी या बायकांचं नावही कुणी काढलं नव्हतं. १९९५ साली जपानने एक निधी काढला, पण बायकांना द्यायची भरपाईची रक्कम लोकांच्या देणग्यांतून यायची होती. सरकारने भरपाई दिली तर कायदेशीर जबाबदारी मान्य केल्यासारखं झालं असतं ना! अनेक बायकांनी ते पैसे नाकारले. गरिबीत राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी हातात आलेले पैसे परत करणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. ज्यांनी गरजेपोटी घेतले त्यांनाही मी दोष देणार नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही सरकारांनी पुन्हा समझोता केला. शंभर कोटी येन, आणि प्रश्न 'कायमचा' मिटला. या वेळी तर बायका हयात होत्या, बोलत होत्या, दर बुधवारी रस्त्यावर येत होत्या. तरीही त्यांना विचारलं नाही. जीनिव्हा कराराने १९४९ सालीच सांगितलं आहे की व्याप्त प्रदेशातल्या माणसांचे हक्क दोन सरकारांनी आपसात करार करून काढून घेता येत नाहीत, आणि गंभीर गुन्ह्यांच्या जबाबदारीतून कुठलाही देश स्वतःला किंवा दुसऱ्याला मोकळं करू शकत नाही. तो करार या घटनांनंतरचा, म्हणून तांत्रिकदृष्ट्या लागू होत नसेल; पण त्यामागचं तत्त्व आपल्या कामातलंच आहे. बाईचा हक्क बाईच्या डोक्यावरून मिटवता येत नाही.

फिलिपिन्समध्ये मापानिके नावाचं गाव आहे. २३ नोव्हेंबर १९४४ रोजी जपानी सैन्याने तिथल्या बायकांना पकडून एका लाल रंगाच्या मोठ्या घरात नेलं आणि त्यांच्यावर बलात्कार केले. वाचलेल्या बायकांनी म्हातारपणी संघटना बांधली, 'मलाया लोलास', म्हणजे मुक्त आज्या. आपल्या सरकारने आपली बाजू जपानकडे मांडावी एवढंच त्या मागत होत्या. २०१० साली त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. मग चोवीस आज्या संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीकडे गेल्या. मार्च २०२३ मध्ये समितीने निर्णय दिला की युद्धात लढलेल्या माजी सैनिकांना, म्हणजे मुख्यतः पुरुषांना, सरकारने निवृत्तिवेतन आणि मानसन्मान दिला, या बायकांना मात्र काहीच दिलं नाही, आणि हा भेदभाव आहे. जाब फक्त परक्या सैन्याला विचारायचा नसतो. आपल्या सरकारलाही विचारायचा असतो.

हेच सूत्र धरून आपल्या देशाकडेही बघावं लागेल. १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात होते. त्यांतल्या १९५ जणांवर खटले चालवायचे असं बांगलादेशाने ठरवलं होतं. बांगलादेशातल्या असंख्य बायकांवर त्या सैन्याने बलात्कार केले होते. सरकारने त्या बायकांना 'बीरांगना' ही पदवी दिली. पुन्हा सन्मानच! आणि एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तीन देशांचा करार झाला, ते १९५ जण खटल्याविना पाकिस्तानात परत गेले. ढाक्यात २०१० पासून खटले चालले ते स्थानिक साथीदारांवर. उपखंडात शांतता हवी होती, पाकिस्तानात अडकलेले बंगाली परत आणायचे होते, ही कारणं मला समजतात. पण त्या तीन सह्यांमध्ये एकाही बीरांगनेचं मत नव्हतं. ताबा आपला होता, तेव्हा त्या निर्णयाची काही जबाबदारी आपल्याकडेही येते.

ईशान्येकडची राज्यं, काश्मीर हे व्याप्त प्रदेश आहेत असं मी म्हणत नाही. पण वर्दीच्या ताब्याचा प्रश्न तिथेही आहे. सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्यानुसार केंद्राच्या परवानगीशिवाय जवानावर खटला चालत नाही. लैंगिक गुन्ह्यांसाठी ही परवानगीची अट काढून टाकावी, अशी शिफारस न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये केली. त्या वर्षी कायदा बदलला, ही शिफारस मात्र वगळली.

काही मैत्रिणी म्हणतात, आंतरराष्ट्रीय न्यायालयांना कोण विचारतो? त्यांचं म्हणणं खोटं नाही. युक्रेनच्या व्याप्त भागातून मुलं रशियात नेल्याबद्दल मार्च २०२३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतीन यांच्यावर अटक वॉरंट काढलं. २०२४ साली ते मंगोलियात जाऊन आले, सदस्य देश असूनही मंगोलियाने त्यांना हात लावला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गाझाबाबत इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा एक नेता यांच्यावर वॉरंट निघालं. एप्रिल २०२५ मध्ये नेतान्याहू हंगेरीत पाहुणे म्हणून गेले. पॅलेस्टाईनच्या प्रदेशावरचा इस्रायलचा ताबा बेकायदा असल्याचं मत जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलं. तो ताबा बारा महिन्यांत संपवावा असा ठराव सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला.

पण मग बायकांनी काय केलं, तेही बघावं. डिसेंबर २००० मध्ये पत्रकार मात्सुई यायोरी आणि त्यांच्या जपानी, कोरियन, फिलिपिनो मैत्रिणींनी टोकियोत बायकांचं न्यायालय भरवलं. साठाहून अधिक बायका वेगवेगळ्या देशांतून साक्षीला आल्या. दोन माजी जपानी सैनिकांनीही आपण काय केलं ते सांगितलं. युगोस्लाव्हियाविषयीच्या न्यायालयाच्या माजी अध्यक्ष गॅब्रिएल कर्क मॅकडोनल्ड मुख्य न्यायाधीश होत्या. सम्राट हिरोहितो दोषी आणि जपानचं राज्य जबाबदार, असा निकाल तिथे लागला. त्या न्यायालयाकडे तुरुंग नव्हता, पोलीस नव्हते. पण साक्षी नोंदल्या गेल्या, ताबा कुणाचा होता ते लिहिलं गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेऊलच्या उच्च न्यायालयाने जपानला भरपाईचा आदेश दिला. जपानने तो मानलेला नाही. कोरियन सरकारकडे नोंदलेल्या २४० जणींपैकी २०२५ साली दहासुद्धा उरलेल्या नाहीत. त्यांच्या साक्षी मात्र आता कुणाला पुसता येणार नाहीत.

आपण काय करायचं? भारताने रोम करारावर सही करावी, ही मागणी १९९८ पासून पडून आहे. ती आपल्या मागण्यांच्या यादीत यावी. वर्मा समितीची वगळलेली शिफारस दर अधिवेशनाला आपल्या खासदारांपुढे ठेवावी. आपल्या अहवालांतून, पत्रकांतून 'अब्रू लुटली' हे शब्द कायमचे काढून टाकावेत आणि बलात्काराला बलात्कार म्हणावं. आणि जगात कुठेही सैन्याच्या ताब्यातल्या बायकांची बातमी आली, तर ते सैन्य मित्राचं की शत्रूचं, हे बघण्याआधी दारावर पहारा कुणाचा होता, एवढंच विचारावं.